सहीचा कोरा कागद

काका,

तुमच्या सहीचा एक कोरा कागद माझ्यापाशी निघाला आहे आणि गेले पंधरा दिवस त्यानं माझं डोकं खाल्लं आहे. हत्यारांच्या जुन्या डब्यात, मेण कापायच्या सुऱ्यांखाली पडून होता. वर आपल्या कवळ्यांच्या लॅबचं नाव, सक्करदऱ्याचा पत्ता, खाली उजवीकडे तुमची ती लांब शेपटीची सही, मधलं सगळं रिकामं. रोवणीच्या दिवसांत गावी, कुहीला जाताना तुम्ही असे पाच-दहा कागद सही करून माझ्या हवाली करायचात. कवळी डॉक्टरांकडे पोचवताना सोबत चिठ्ठी लागायची आणि तुमच्या सहीशिवाय ते कवळीचा डबा उघडायचे नाहीत. "धान लावून आलोच," म्हणून निघायचात, मागे वळूनही बघायचा नाहीत. एवढा भरवसा कुणी कुणावर टाकू नये, असं तेव्हाही वाटायचं. आता तर त्याचा रागच येतो.

कारण सांगते. मला कॅनडातून नोकरीची ऑफर आली आहे, एका लहानशा गावातल्या कवळ्यांच्या लॅबमधून. तिथल्या मालकानं व्हिडिओवर मला मेणात दात लावायला सांगितले. तासभर तो माझे हात बघत बसला, तोंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं. तुमच्यासारखाच वाटला मला. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. इकडे मनीषनगरच्या दवाखान्यातली, तुमच्यानंतर मी जिथं लागले ती लॅब बंद झाली आहे. मापं यंत्र घेतं, दात बाहेरून तयार होऊन येतात आणि मला काउंटरवर पावत्या फाडायला बसवलं आहे. दिवसभर माझी बोटं टेबलावर नुसती वळवळत असतात. हे काम हातात ठेवायचं तर मला जायलाच हवं. पण नुसत्या ऑफरवर कुणी आत घेत नाही. ऑफरमध्ये दहा वर्षांचा अनुभव लिहिला आहे आणि अर्जाला त्याचा पुरावा जोडावा लागतो: किती वर्षं, आठवड्याला किती तास, नेमकं कोणतं काम, खाली मालकाची सही. दवाखान्यानं सहा वर्षांचं पत्र दिलं. त्याआधीची नऊ वर्षं तुमच्याकडची. त्यांचा एक चिटोराही नाही, आणि तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली.

धरमपेठेतल्या व्हिसाच्या एजंटाला मी तो कागद दाखवायलाच नको होता. तो खुर्चीत सरळ होऊन बसला. म्हणाला, मॅडम, लेटर तो तयारच है, बस टाइप करना है, तारीख तेवढी सही करणारे जिवंत असतानाची टाका. पकडलं गेलं तर कित्येक वर्षं दार बंद, हेही त्यानंच सांगितलं, पण चहा मागवावा तशा सुरात. दुसरा रस्ता आहे म्हणाला: तुमच्या मृत्यूचा दाखला आणि काकूंचं नोटरीसमोरचं निवेदन. तो लांबचा. मी घरी आले आणि येरझारा घालत राहिले. त्या कागदावर खोटं काय होणार आहे? नऊ वर्षं खरी, काम खरं, सहीसुद्धा तुमच्याच हातची. खोटं कुठं आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही, म्हणूनच जिवाला स्वस्थता नाही.

नाही, दाखवता येतं. असं पत्र द्यायला तुम्ही तेव्हा नाही म्हणाला होतात. तुम्ही पॉलिशच्या चाकाशी बसला आहात, भुवयांपर्यंत पांढरी पूड. मी चाक थांबायची वाट बघते आणि म्हणते, काका, अनुभवाचं एक पत्र द्या ना.

"काहून वं? जायचं आहे काय तुले?"

तसं नाही, असू द्यावं जवळ, असं मी काहीतरी पुटपुटते. "मंग कायले पाहिजे? बस, काम कर," म्हणून तुम्ही चाक सुरू करता. आठ दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. मनात तुम्हाला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. नवव्या दिवशी माझ्या टेबलावर प्लास्टरचे दोन साचे, वरचा आणि खालचा, एकही दात नसलेले. चिठ्ठी नाही. कोणत्या डॉक्टरांचं काम, विचारलं, तर तुम्ही तोंडावरचा दुपट्टा जरासा खाली केला. "माहं तोंड आहे ते. तूच लाव दात." मी जीव ओतून लावले, आणि तुम्ही ते कसायाच्या नजरेनं पाहून सगळं मेण उकरायला लावलंत. "इतके सरळ दात असते काय माणसाचे? माहे जसे होते तसे लाव. समोरचा एक वाकडा पाहिजे." दुसऱ्यांदा लावलेले जमले, कवळी तयार झाली. ती घालून तुम्ही माझ्यासमोर मूठभर फुटाणे आवाज करत चावून खाल्लेत आणि कामाला लागलात. चांगलं म्हणाला नाहीत, वाईटही नाही. मला तेव्हा फार लागलं होतं ते.

गेल्या रविवारी कुहीला गेले. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. पिशवीत फाइल होती, निवेदनाचा मसुदा होता. काकूंनी दारातच हात धरला, आत नेलं, वांग्याची भाजी आणि भात वाढला, पुन्हा पुन्हा वाढत राहिल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "येते ते सारे कागद घेऊनच येते बाई. दीर येते, पुतण्या येते, इथं सही कर, तिथं सही कर. तू एकटीच बिनकामाची आली." मी पिशवी पायानं पाटामागे सरकवली. मग त्यांनी एक स्टीलची डबी आणली. तुम्हाला नेण्याआधी काढून ठेवलेली ती कवळी, पुढचा दात वाकडा. रोज धुतात म्हणे. "ते म्हणत, हे माह्या पोरीनं केलं. आन् म्हणत, तिले पत्र देलं असतं त गेली असती, मंग मले कोण होतं तिथं." मला तुमचा संताप आला आणि रडूही आलं. कागदाचं काहीच न बोलता मी परतीची गाडी धरली.

आज दुपारी पत्र टाइप करून झालं. तारीख टाकली. तुमचा कागद प्रिंटरमध्ये घातला, बटणावर बोट ठेवलं, आणि तो परत ओढून घेतला. मग पेन घेतलं. काका, हे सगळं मी त्याच कागदावर लिहिते आहे. आधी पाठची बाजू भरली, मग पुढची, अक्षर मुंगीएवढं झालं आहे आणि आता तुमच्या सहीपर्यंत येऊन ठेपले आहे. हा कागद आता कुठल्याच अर्जाला लागणार नाही. लिहिताना पस्तावा होतोय, खोटं कशाला बोलू.

अर्जाची मुदत संपायला दहा दिवस आहेत. उद्या पुन्हा कुहीला जाईन. तुमच्या मृत्यूचा दाखला आणि निवेदनावर सही मागायची आहे, आणि त्याच्याआधी काकूंना सांगायचं आहे की त्या दिवशीही मी बिनकामाची आले नव्हते. ते तोंडून निघेल की नाही, माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.