गावचा हात, इथला हात

आई, नात मला अंगाला हात लावू देत नाही, म्हणून तुला लिहायला बसले आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, लहान आहे, होईल ठीक. तू तसं म्हणणार नाहीस.

थंडी पडल्यापासून तिचे हात उललेत. बोटांची पेरं फुटली आहेत, मनगटांवर भेगा, नडग्या राख फासल्यासारख्या पांढऱ्या. डॉक्टरांनी आधी दिलेलं क्रीम भेगांत असं झोंबलं की पोरीनं घर डोक्यावर घेतलं. त्यांनी ते लगेच बदलून साधं, न झोंबणारं मलम दिलं आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायला सांगितलं. पण आता तिचा कोणाच्याच हातावर विश्वास नाही. मी म्हटलं, "बघू, किती उललेत ते," तर हात पाठीमागे लपवून म्हणाली, "मैं उल्लू नहीं हूँ, आजी!" मराठी कळते ती अशी. सूनबाई हसली, मीही हसले असते. पण शाळेत लोहडीच्या सणाच्या कार्यक्रमात किकली आहे. दोन मुली समोरासमोर उभ्या राहून हातांची अढी घालतात आणि एकमेकींच्या भारावर गरगर फिरतात, ती. तिच्या जोडीदारणीनं सांगितलं, असे हात मी धरणार नाही. बाई म्हणाल्या, हात बरे झाले तर बघू. हे घरी सांगताना पोरगी रडली नाही, नुसती स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं झाकत राहिली. रडणारी मुलं मला सांभाळता येतात. अशी गप्प बसलेली येत नाहीत.

तेव्हा तुझी आठवण झाली. बाबांची रत्नागिरीहून इथं चंदीगडला बदली झाली ते पहिलं वर्ष, मी नुकती कॉलेजात जाऊ लागलेली. दिवाळीच्या पहाटे तू खोबरेलाची बाटली तळहातावर पालथी धरतेस आणि थेंब पडत नाही. "अगोबाई, इथं तेलाचा दगड होतो!" म्हणून तू एवढी हसतेस की बाबा उठून येतात. मग मालगाडीतून आणलेला आपला तांब्याचा बंब पेटतो. कढत पाणी, उटणं, पंचानं खसखसून पुसणं, मग तेल. गावी करायचीस ते सगळं तू इथं केलंस, आणि थंडी वाढत गेली तशी अधिकच जोरानं करत राहिलीस. गावच्या दमट हवेत ते चालायचं. इथल्या कोरड्या थंडीत माझ्या नडग्यांतून रक्त यायला लागलं. एका सकाळी मी तुझा हात झटकला. "आता मला हात लावायचा नाही," म्हटलं. तेव्हाही माझा आवाज आजच्यासारखाच चढा होता.

तू वाद घातला नाहीस. त्या दिवसापासून तुझा उजवा हात गावच्या पद्धतीनं चालू राहिला: कढत पाणी, कोरडा पुसायचा, मग तेल. डावा मात्र तू कोमट पाण्यात बुडवायचीस, पंचा नुसता टेकवायचीस आणि ओलसर असतानाच तेल लावायचीस. हे तुला कशावरून सुचलं, मी कधी विचारलं नाही. शेजारच्या क्वार्टरमधल्या पंजाबी आजी, बीजी, त्यांच्या मात्र ते नजरेतून सुटलं नाही. उन्हात मटार सोलता सोलता तुझे हात ओढून म्हणाल्या, "ओ मराठन, ये दो हाथ किसके हैं? एक सास का, एक बहू का?" तू आपल्या हिंदीत ठासून सांगितलंस, "एक हात रत्नागिरी का, एक चंदीगड का." सगळा व्हरांडा हसला. मी खिडकीत पुस्तक धरून बसले होते. मला तुझी लाज वाटली.

मी हट्टी, म्हणून तुझा प्रयोग लांबत गेला. फरक तर तुला केव्हाच कळला असणार. तरी मी स्वतःहून जवळ येईपर्यंत तू तो उजवा हात तसाच ठेवलास. कणकेला रक्त लागू नये म्हणून बोटांना चिंधी बांधून पोळ्या लाटत होतीस. शेवटी एका दुपारी माझ्यासमोर बसून म्हणालीस, "डोळे मीट बाय. हात लावून सांग, कुठला गावचा नि कुठला इथला." उजवा खवणीसारखा लागला. डावा केळीच्या कोवळ्या पानासारखा. मी डोळे उघडले नाहीत, नुसते पाय पुढे केले. "पाणी अंगावर आहे तोवर त्याला कोंडायचं," तू म्हणालीस. "तेल म्हणजे नुसतं दार." त्याच वर्षी कॉलेजात शिकवलं होतं की तुलना करायची तर एक बाजू जशीच्या तशी ठेवावी लागते. ते मी परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. ती बाजू आपल्याच अंगाची ठेवणारं माणूस आपल्या स्वयंपाकघरात आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आईनं शिकवलेलं सोडायला तुला किती जड गेलं असेल, आणि अर्ध्याच अंगानं सोडून बघायची युक्ती!

इथवर लिहून पत्र ठेवून दिलं होतं. मधल्या दिवसांत मी तुझंच केलं. नातीला म्हटलं, तुला काही लावणार नाही, फक्त माझे हात बघत जा. डाव्याला ओलसर असताना मलम, उजव्याला काही नाही. ती रोज शाळेतून आली की दप्तर टाकून तपासणीला यायची, बोटानं दाबून बघायची, पण स्वतःचे हात बाहीतच. सूनबाई वैतागली. "मम्मीजी, आप भी ना! खून आ रहा है, बस करो." मी बस केलं नाही.

आज सकाळी गॅलरीत उन्हाला बसले होते. नात आली, माझा उजवा हात उचलून बराच वेळ बघत राहिली, आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, आपका भी उल्लू हो गया." मी म्हटलं, "हो ना. काय करायचं?" ती आत जाऊन तुझी पितळी वाटी कोमट पाणी भरून घेऊन आली. "पहले गीला," मलाच सांगितलं. फुंकर घालत, जीभ दातांत धरून, एकेका भेगेवर मलम लावलं. लहान मुलाचं बोट इतकं हलकं असतं, हे मी विसरले होते. मग तिनं बाह्या वर केल्या. लोहडीला अजून अवकाश आहे. तोवर हात पुरते भरून येतील की नाही, मला सांगता येत नाही. पण मलम जिरल्यावर तिनं अढी घालून माझे हात धरले, उजव्यात उजवा, डाव्यात डावा, आणि गुडघे कुरकुरत असतानाही मी एक फेरा घेतला.

तू नाहीस, हे कुठं पाठवणार; शिवाय कागदावर मलमाचे डाग पडलेत. एकच सांगायचं राहिलं. उजवा हात फार दुखला गं. भांड्याच्या साबणात तर डोळ्यांतून पाणी यायचं. तुला दुखत होतं का, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

नोकरीत असताना ऑफिसात दुसऱ्याकडे चार्ज सोपवताना मी लिहायचे, तसं लिहून ठेवते. नातीच्या ताब्यात दिलं: मलमाची डबी, अर्धी. आईची पितळी वाटी, कोमट पाण्यासह. माझा उजवा हात, उललेला. पोच मिळाली: तिचे दोन्ही.