काठावरचा उतार

३ नोव्हेंबर
गाइड सरांचा फोन. प्रबंध महिनाअखेरीस जमा करायचाच, मुदतवाढ आता नाही. पदवी नाही तर कायम नोकरी नाही. वडवणीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अजून किती वर्षं काढू? आज आठवडी बाजार, वर्गात अर्धी बाकं रिकामी. तरी शिकवलं.

५ नोव्हें.
चौथ्या प्रकरणातलं प्रमेय म्हणजे माझा जीव. एक चकती, तिच्या काठावर मोजके बिंदू. प्रत्येक बिंदूवर फंक्शनने काठावरची कुठली किंमत घ्यायची आणि उतार किती ठेवायचा, हे मी सांगणार. त्या आकड्यांचं मॅट्रिक्स ऋण नसलं की चकतीतलं चकतीतच ठेवणारं तसं गुळगुळीत, ॲनॅलिटिक फंक्शन असतंच! काठावर थोडंसं ठरवलं की आतलं सगळं जमून येतं. लिहितानाही अंगावर काटा. सासूबाई भाकरी थापत होत्या. "एकटीच कामून हसायलीस गं?" "काई न्हाई," म्हटलं.

८ नोव्हें.
बीडची गाडी येईना. स्टँडवर बसून विरंगुळा म्हणून सगळ्यात साधं उदाहरण केलं. दोन बिंदू, दोन्हीकडे किंमत एक. पहिल्यावर उतार शून्य, दुसऱ्यावर पाच. मॅट्रिक्स ऋण नाही, म्हणजे फंक्शन मिळायला हवं. पण काठावर एका जरी ठिकाणी उतार शून्य झाला की असलं फंक्शन चकतीभर हलतच नाही, सगळीकडे तीच किंमत. मग दुसरीकडे पाच कुठून येणार?
प्रमेय खोटं. माझं.
आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी हात जोडावेसे वाटले. एका टोकाला एवढंसं शून्य, आणि सबंध चकती गप्प! गाडी आली, गेली. मी बसूनच.

९ नोव्हें.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, "आयला! मी बी बघितलं न्हाई की. काठावर उतार मागितला तेवढा किंवा कमी मिळतो. तू नुसतं 'तेवढाच' लिहिलंस."
त्यांचा उपाय: मॅट्रिक्स पक्कं धनच घ्यायचं, शून्याला टेकणारी केस वगळायची. "वगळ अन् मोकळी हो पोरी. लई झालं."
पण त्याच केसमध्ये फंक्शन असलं तर एकच असतं. सगळ्यात सुंदर तेच.

१४ नोव्हें.
दुकान बंद करून सुधीर आला. नवऱ्याला तरी कळावं म्हणून सांगितलं, वगळलं तर वेळेत होतं.
"मग अडलंय कुठं?"
"सगळी गंमत तिथंच आहे."
"तुजं तू बघ. पण नोकरीची जाहिरात निघाल्यावर माज्यापशी रडू नको."
राग आला. बरोबर बोलला म्हणून जास्तच.

२१ नोव्हें.
सापडलं??
कुठलाही उतार जरासा कमी केला तरी मॅट्रिक्स ऋण होत असेल, तर फंक्शनला कमी घ्यायला वावच नाही. मागितला तेवढाच घ्यावा लागतो. स्टँडवरच्या उदाहरणात पाचाचा उतार खुशाल कमी करता येत होता, म्हणून फसलं. एवढं सोपं? भाजी करपली. हसू आवरेना, रडूही.

२८ नोव्हें.
सर वगळ म्हणाले होते ती केस नव्या अटीसह घातली, त्यांना पाठवली. मुदत परवापर्यंत. त्यांची सही बाकी.

२९ नोव्हें.
सर फोनवर, "वाचलं. मला तर पटलं. पण मागचं बी पटलंच होतं. आता तूच उलटं उदाहरण काढून मोडून दाखव. उद्यापोतर मोडलं न्हाई तर सही करतो."
सकाळपासून मोडायला बसलेय. अजून तरी मोडलेलं नाही.