तथ्यहीन, निराधार व खोडसाळ

३ मार्च
सकाळी सातला व्हिडिओ फिरायला लागला — लष्कराच्या टाकीतून रसायन गळलं, तलावाचं पाणी विषारी झालं. धडधडीत बनावट. त्यात दाखवलेला तलाव आमचा नव्हताच! नऊपर्यंत दुकानांत पाण्याची बाटली उरली नाही, दवाखान्यासमोर पोटं धरून माणसं उभी.

मी लष्कराचा जनसंपर्क अधिकारी. 'शत्रू आता बंदुकीआधी अफवा पाठवतो' यावर गेल्याच महिन्यात दोन तास व्याख्यान झोडलं होतं. आज माझा खुलासा निघाला दुपारी दोनला. चार सह्या लागल्या. 'सदर वृत्त तथ्यहीन, निराधार व खोडसाळ आहे.' एका दमात तीन विशेषणं! स्वतःवरच खूश होतो.

मग घरचा ग्रुप उघडला. तो व्हिडिओ तिथे माझ्या सख्ख्या आत्यानंच टाकलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

४ मार्च
आत्याकडे गेलो. तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला.

"तुझं पत्रक तीनदा वाचलं," ती म्हणाली. "पाणी प्यायचं की नाही, ते कुठंच नाही त्यात."

"अगं, अर्थ तोच होतो."

"मग तेच लिहायचं ना, बाबा."

बावीस वर्षांची नोकरी. चहा प्यायलो. बाटलीतल्या पाण्याचा.

५ मार्च
पाणी तपासणाऱ्या बाईंना घेऊन तलावावर गेलो. त्यांनी नमुना तपासला, मी कॅमेऱ्यासमोर पेला तोंडाला लावला — आणि ठसका लागला. पाणी चांगलं आहे असं सांगणारा अधिकारी लालबुंद होऊन खोकतोय. शत्रूच्या हाती आयतं कोलीत! चौथ्या खेपेला जमलं. "पाणी तपासलंय. चांगलं आहे. मीही हेच पितोय."

साहेब म्हणाले, "हा काय पोरखेळ?"

संध्याकाळी दवाखान्यासमोर चिटपाखरू नव्हतं. साहेबांनी वर कळवलं, कल्पना आमची.

९ मार्च
बाजारात कुणीतरी म्हणालं, "ते बघ, पाणीवाले मेजर." छाती दोन इंच फुगली. शर्ट आधीच घट्ट होतोय.

१४ मार्च
नवी अफवा — दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट, तीन जवान गेले, लष्कर लपवतंय.

साहेबांना फोन केला. "काही नाही रे. खोडून टाक."

कोठार गाडीनं वीस मिनिटांवर. गेलो नाही. कशाला जायचं? आता आपला हात बसलाय. अकरा मिनिटांत व्हिडिओ टाकला: "काहीही घडलेलं नाही. सगळे जवान सुखरूप आहेत." सह्यांची भानगडच ठेवली नाही. लोकांनी पटकन विश्वास ठेवला. साहेब खूश. मी तर काय, विचारूच नका.

१५ मार्च
दुपारी कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगितलं — तीन जवान गेले, काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. तेव्हापासून साहेबांचा फोन वाजतोय. उचललेला नाही.

सकाळी कोठारावरच्या ड्रायव्हरची बायको फाटकाशी आली होती. नवरा गेल्याचं तिला तासाभरापूर्वीच कळवलेलं. आवाजही चढवला नाही तिनं. म्हणाली, "काल यांचा फोन लागत नव्हता. जीव थाऱ्यावर नव्हता. मग तुमचा व्हिडिओ पाहिला, आणि पोटभर जेवले."