जिन्यावरचे तुकडे

बदलापूर गाव,
४ जून २००३

ती. कुंदाताईस,
सविनय जयभीम, वि. वि.
इनलँड कधीचं आणून ठेवलंय. त्यावर चहाचा कप ठेवून ठेवून गोल उमटला, तरी लिहायला हात जाईना. पक्कं काम लागल्याशिवाय तोंड दाखवू नको, असं भाऊजी म्हणाले होते. तर इथे नर्सरीत लागलोय, पिशव्यांत माती भरतो. इथला माळी सोनचाफ्याशी गप्पा मारतो, पण ते नंतर.

आपल्या मास्तरपुढे नुसतं ताट सरकवू नकोस. तो कुत्रा कंटाळला की चपला खातो, त्याच्या डोक्याला काम लागतं. तीन वाट्या पालथ्या घाल, एकीखाली चपातीचा तुकडा, आणि शोध म्हण. जमलं की तुकडे फडक्यात गाठ मारून दे. मी येईन तेव्हा त्यानं मला ओळखलं पाहिजे, बस.

आम्हा दोघांवर माया ठेव, त्याच्यावर जरा जास्त.
राजरत्न

बुवापाडा, अंबरनाथ,
१६ जून

चि. राजरत्न यास अनेक आशीर्वाद.
तुझं अक्षर बघून बरं वाटलं, वाचता मात्र येईना. आमची लेक यशोधरा बरी आहे, खोकला थांबला. मास्तरनं वाट्या पहिल्याच दिवशी जिंकल्या. परवा जुन्या जीन्सच्या खिशांत बिस्किटं लपवली, जिन्याच्या पायरी-पायरीवर तुकडे ठेवले. हुंगत वरपर्यंत गेला आणि ऐटीत खाली बघत बसला. अजून खेळ कळव. हात धुऊन जेवत जा.

मायेत कमी नाही, हे धरून चाल.
तुझी ताई

बदलापूर गाव,
२७ जून

ताई, जयभीम.
तुझं पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. रोपं विकणारी रखमामावशी म्हणाली, बहिणीचं घर मोठं दिसतंय, जिना आहे. मी हसलो. मग माती भरता भरता थांबलो. बैठ्या चाळीतल्या आपल्या एका खोलीला जिना कुठला? भाऊजी जीन्स कधीपासून घालायला लागले? मास्तर कुठंय? मला उल्लू बनवणारे पुष्कळ भेटले, सवय आहे. त्यात तू नव्हतीस.

या वेळी आशीर्वाद मागत नाही.
राजरत्न

बुवापाडा,
५ जुलै

चि. राजरत्न,
भाऊजींना बोल लावू नको, मीच दिला. यशूला धाप लागायची, डॉक्टरांनी कुत्रं घरात नको सांगितलं. उल्हासनगरला हरेशशेठकडे मी जीन्सचे धागे कापायला जाते, त्यांच्याकडे ठेवलाय. तुझं पत्र तिथेच वाचलं, त्यांची मुलगी जिज्ञासा रोज खेळ मांडते. लिहिलं ते सगळं खरं, फक्त घर कुणाचं ते लिहिलं नाही. कळलं असतं तर त्याला घेऊन तू कुठल्या कुठे निघून गेला असतास, आणि मला तुम्ही दोघंही दिसला नसतात. रागाव, पण लिहिणं सोडू नकोस.

तुझीच,
ताई

बदलापूर गाव,
१९ ऑगस्ट

ताई, जयभीम.
राग होता म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मधे उल्हासनगरला जाऊन आलो. गेटमधून बघितलं, मास्तर वाट्या उलटत होता. मी हळूच शोध म्हणालो. त्यानं कान टवकारले आणि वाटीखालीच बघितलं. शब्द माझा, खेळ माझा, तुकडा दुसऱ्याचा. तुझं समजू शकतो, यशू आधी. मास्तरचं काय समजू? म्हणून नवा खेळ कळवला नाही, कळवणारही...

थांब, दाराशी रिक्षा आलीय. हरेशशेठ उतरतायत, घामाघूम, एका हातात ताट, दुसऱ्या हातात मास्तरचा पट्टा. म्हणतायत, जुने खेळ याला सगळे येऊन गेले, आता ताटाला तोंड लावत नाही, नवीन खेळ तुझ्याकडेच मिळेल असं तुझी बहीण बोलली.

मास्तर समोर येऊन बसलाय. माझ्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघतोय.