भाऊजींच्या पाठीवर नजर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार घालायला आठही अंगं जागेवर लागतात. आज माझी पाचच कामाची आहेत, तेवढ्यांचा मानून घे. तुझी कंबर, लेकीची तब्येत आणि नव्या नातवाचा आवाज हे तिन्ही उत्तम असल्याचं काल फोनवर कळलं (तिसरं तर तुझ्या बोलण्यापेक्षाही स्पष्ट कळलं). शर्यतीचं सगळं तेव्हाच सांगणार होतो, पण फोनवर तू मधेमधे प्रश्न विचारतेस आणि माझ्या तोंडून नको ते निघून जातं. म्हणून हे पत्र.

तुझी अट मी विसरलेलो नाही. भाऊजींना सायकल चालवायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, तू दिलेली नाहीस. हृदयाच्या ऑपरेशनला वर्ष झालं आणि त्यांच्या मनात फारच आहे, म्हणून ही एक हौशी शर्यत होऊ दे. मी त्यांच्या मागे राहून लक्ष ठेवायचं, दिसेल ते खरं खरं कळवायचं. आणि त्यात जरा जरी काळजीचं वाटलं तर शेजाऱ्यांनी मागितलेली भाऊजींची सायकल तू आल्याबरोबर त्यांना देऊन टाकणार. म्हणजे हे पत्र नव्हे, साक्ष आहे. साक्षीला तू चष्म्याचा दुकानदार निवडलास, हे वरवर शहाणपणाचं वाटतं. पण लोकांना दिसावं एवढीच माझी जबाबदारी. मला स्वतःला चष्मा काढला की भिंत कुठली आणि दार कुठलं हे हात लावून ठरवावं लागतं. शिवाय सायकल हे वाहन मला कधीच आवडलेलं नाही. तिच्यावर बसायला जी जागा दिलेली असते ती पाहिली की बनवणाऱ्याचं माणसांशी काहीतरी जुनं भांडण असावं असं वाटतं.

त्या सकाळी हवा अशी होती की शेजारचं कुत्रं दारातून बाहेर बघून मुकाट्याने परत आत गेलं. समोरून वारा, वरून पाऊस, आणि अधूनमधून पावसालाही कंटाळा आला की गारा. क्लबच्या सेक्रेटरींनी कर्ण्यावरून सांगितलं की ज्यांना माघार घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी, त्यात कमीपणा नाही. यावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे चोरून पाहिलं आणि कुणीच हललं नाही. मी हलणार होतो, पण भाऊजी वाकून माझ्याच चाकात हवा भरत होते, तेव्हा ते बरं दिसलं नसतं. मग मोटारवाल्यांना आम्ही दिसावं म्हणून सगळ्यांना एकसारखे पिवळे रेनकोट वाटण्यात आले. मागून पाहिलं तर एकच माणूस पन्नास ठिकाणी सायकल चालवतोय, असा देखावा तयार झाला.

सायकलवाल्यांत एक रीत आहे. समोरून वारा असला की पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ चिकटवून चालवायचं. वारा तो खातो, आपण आयते जातो. (आपल्या दोघांत ही रीत लहानपणापासून आहे; वारा तूच खात आलीस.) तर सुरुवातीच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर मी भाऊजींची किंचित वाकलेली पाठ हेरली आणि तिला चिकटलो. चष्म्यावरून पाणी वाहत होतं, पण पाठ सोडली नाही. कर्तव्यात कसूर नको म्हणून अधूनमधून सूचनाही करत होतो: दमानं घ्या, श्वास मोजा, गोळी घेतली ना, ताईला मी काय तोंड दाखवू. पाठ काही बोलली नाही. भाऊजी एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे मला संशय यायचं कारण नव्हतं.

अर्ध्या वाटेवर पाण्याचं टेबल होतं. तिथे पाठ थांबली, वळली, आणि ती साठीच्या एका बाईंची निघाली. कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या शांतपणे म्हणाल्या, "गोळी मी सकाळीच घेतली आहे. तुमच्या ताईंना काय तोंड दाखवायचं, ते मात्र तुमचं तुम्ही बघा." मी चष्मा पुसत पुसत त्यांची बरीच माफी मागितली.

ताई, मग मात्र मी घाबरलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भाऊजी उगाचच चष्मा घट्ट करून घ्यायला दुकानात आले होते आणि चष्मा घट्टच होता, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तेच डोळ्यांसमोर आलं. ते माझ्यामागे असतील ही शंकाही मला शिवली नाही, कारण माझ्यामागे कुणी असू शकतं असं मला वाटतच नव्हतं. म्हणून त्यांना गाठायला मी जन्मात मारली नव्हती अशी पायडलं मारली. पुढे रस्त्याची दुरुस्ती चालू होती, म्हणजे खडी ओतून माणसं घरी गेली होती. त्या खडीत मी सायकलसकट आडवा झालो.

"लागलं का रे?" मागून आवाज आला. भाऊजी.

पहिल्यापासून ते माझ्या मागच्या चाकाला चिकटून होते. टेबलापाशीही माझ्या शेजारीच उभं राहून पाणी प्याले, मी माफी मागण्यात गुंतलो होतो. हाक का मारली नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले की हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस आणि तिथेच पडला असतास. आणि मग हळूच सांगितलं की त्याला एकटं सोडू नका, तो धांदरट आहे, अशी तुझी ताकीद होती. म्हणजे त्यांच्यावर मी आणि माझ्यावर ते, असा बंदोबस्त तू परस्पर करून ठेवला होतास. असो. सारांश, सबंध शर्यत भाऊजी माझ्या आडोशाला, माझ्या वेगाने चालले, आणि माझ्या वेगाने कुणाच्याही हृदयाला धोका पोचणं शक्य नाही. माझी साक्ष संपली.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. 'सबंध शर्यत' हे शब्द खोडून वाचावेत. पडल्यावर भाऊजींनी माझी चेन बसवली, चष्मा पुसून नाकावर ठेवला, आणि शेवटपर्यंत वारा खात पुढे तेच होते. मी आडोशाला होतो. घरी आल्यावर डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे. माझाच रक्तदाब जास्त निघाला.

ता.क. २ : संध्याकाळी माझ्या गुडघ्याला मलम लावताना ते म्हणाले, "वर्षभर सगळे माझ्याकडे लक्ष देतायत. कुणाकडे तरी लक्ष दे, असं मला तुझ्या ताईने परवा पहिल्यांदा सांगितलं." एवढं बोलून मलमाचं झाकण लावत बसले. बराच वेळ लावत होते.

ता.क. ३ : शेजाऱ्यांना नाही म्हणून कळव. पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी मी दोघांची नावं दिली आहेत. सायकल मला अजूनही आवडत नाही. पण सांभाळायला भाऊजींच्या हाताशी कुणीतरी धांदरट माणूस हवा, आणि घरात त्या लायकीचा मी एकटाच आहे.