हात न उचलता आठ दिवस

२५ ऑक्टोबर १९५६, गाडीत

दिवाळीची सुट्टी लागली. हैदराबादला निघालो. गेल्या महिन्यात शाळेत एका पालकाच्या कानफटात बसली, म्हणून मॅनेजर फादरनी दोन अटी घातल्यात. सुट्टीत कोणावर हात उचलायचा नाही. आणि सकल संतांच्या सणापर्यंत तिकडच्या फादरकडे कुमसार करायचं, म्हणजे सगळी पापं कबूल करायची, आणि तशी चिठ्ठी आणायची. चिठ्ठी नसेल तर नोकरी नाही.

सोपं आहे. मुळात मी शांत माणूस.

वाडी स्टेशनात एकाने माझ्या जागेवर वळकटी ठेवली. खिडकीतून बाहेर गेली. हात उचलला नाही, वळकटी उचलली.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

नल्लकुंट्यात एकनाथरावांकडे उतरलो. ट्रेनिंग कॉलेजातला दोस्त, मूळचा परभणीचा, आता इथे सेक्रेटरिएटात.

शुक्रवारी मांस वर्ज्य. परगावी धर्म जास्त कडक पाळायचा असं ठरवलंय. सुलतान बाजारात चहा घेतला. वेटरने सोबत चौकोनी काहीतरी आणलं, लुखमी म्हणे. अर्धी खाल्ल्यावर कळलं, आत खिमा. वेटरची कॉलर धरली. तो म्हणाला, नक्को बोलते तो नै लाता था साब. वेटर बुटका होता, त्यामुळे हात उचलावा लागला नाही.

अन्न टाकू नये म्हणून उरलेली अर्धी खाल्ली.

२७ ऑक्टोबर, रात्रीचं जेवण झाल्यावर

एकनाथरावांचे तेलुगू घरमालक जेवायला होते. पद्मावतीवहिनी भात वाढत होत्या. घरमालक चालू, चालू म्हणत होते आणि वहिनींनी चक्क हात आखडला. मला लाज वाटली. पातेलं घेतलं आणि मीच वाढलं. ते चालू म्हणत राहिले, मी चालू ठेवलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला, तो बाजूला करावा लागला. बोटं जरा भाजली त्यांची.

एकनाथराव मध्येच काही सांगायला लागले. जेवताना बोलू नये म्हणून त्यांना गप्प केलं.

२८ ऑक्टोबर, ख्रिस्तराजाचा सण

आम्ही वसईकर चर्चला देऊळ म्हणतो, त्यात चूक काय? एकनाथरावांना सांगितलं, देवळात जायचंय, रिक्षा करून द्या. रिक्षावाल्याने मारुतीसमोर नेऊन उतरवलं. वर म्हणतो, साब, देवल येइच है.

छत्री वापरली. छत्री म्हणजे हात नव्हे. गर्दी जमली. सगळे ओरडत होते, चालू, चालू. एवढा पाठिंबा मला वसईत कधी मिळाला नाही. काड्या मोडेपर्यंत चालू ठेवलं. शेवटी चौघांनी उचलून दुसऱ्या रिक्षात बसवलं. अदब हैदराबादचीच.

अर्पणाच्या आधी पोहोचलो, म्हणजे मिस्सा, रविवारची उपासना, धरली जाते.

३० ऑक्टोबर

परवापासून हैदराबाद राज्य मोडून परभणी मुंबई राज्यात, त्यामुळे एकनाथरावांची बदली नक्की. म्हटलं, वसईला माझ्याच घरी राहा. ते म्हणाले, इथेच ठेवा असा अर्ज देतो. चांगल्या माणसाला मराठी मुलखाची ओढ नसावी, याचं वाईट वाटलं.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

कुमसार झालं. फादर तेलुगू, मी थोडं इंग्रजी, थोडं हिंदी. वळकटी, लुखमी, रिक्षा, मग मागची वीस वर्षं. फादर जाळीमागून चालू, चालू म्हणत होते. आमचे फादर दोन मिनिटांत उरकतात. यांना गोडी लागली. मी पुढे, आणखी पुढे. पाऊण तासाने धाडकन खिडकी लागली. क्षमेचं लॅटिन काही ऐकू आलं नाही, मनातल्या मनात म्हणाले असतील.

हात एकदाही उचलला नाही. उद्या चिठ्ठी.

१ नोव्हेंबर, सकल संत

सकाळी फादरकडे चिठ्ठी मागितली. ते म्हणाले, क्षमा दिलेलीच नाही, तुम्ही थांबतच नव्हता. किती वेळा सांगितलं, चालू. मिस्सेनंतर या, पुन्हा ऐकतो, मग चिठ्ठी देतो.

डोकं चालेना. एकनाथराव सुट्टी म्हणून सोबत आले होते, त्यांना आवारातच अर्थ विचारला. ते आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, अहो मास्तर, तेलुगूत चालु म्हणजे पुरे. त्या दिवशी जेवताना तेच सांगत होतो.

मग घरमालक, रिक्षावाला, जाळीमागचे फादर, सगळे एकदम आठवले. एकनाथराव अजून हसतच होते. छत्री मोडलेली होती. हात उचलला.

आवाज मोठा झाला. फादर दारातच उभे होते.

एकनाथरावांनी गालावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, चालु.

या वेळी कळलं.