नाक खाजवलं म्हणजे हो

६ ऑक्टोबर

वाशिमहून परत आलो. दोन दिवसांचं प्रशिक्षण — 'महिला सरपंचांसाठी देहबोली'. हॉलमध्ये महिला एकच, शिकवणाऱ्या मॅडम. बाकी आम्ही बावीस नवरे! मॅडमनी विचारलं, "सरपंच ताई कुठे आहेत?" बावीसही जणांनी एकदम मान खाली घातली. "बघा, हीच देहबोली," मॅडम म्हणाल्या. आम्ही ते वहीत लिहून घेतलं.

शिकलो ते असं — हात बांधून बसणारा मनातून बंद असतो. (हे ऐकताच सगळ्यांनी हात सोडले.) नजर खाली म्हणजे आदर. तोंडाशी हात म्हणजे लाज. प्रमाणपत्र निताच्या नावाचं, ग्रुप फोटोत मी. बायको सरपंच होऊन दीड वर्ष झालं, पण तांड्यावर 'सरपंचसाहेब' म्हणतात ते मलाच. सीट बाईसाठी राखीव निघाली, त्याला मी तरी काय करणार?

घरी येऊन निताला सगळं समजावलं. ती पोळ्या लाटत होती. नजर खाली. आदर!

७ ऑक्टोबर

ग्रामसेवक बबनराव पत्र घेऊन आले. "वरून आलं, भाऊ. सरपंचबाईच्या बाजूले नवऱ्यानं बसाचं नाई. तुमी आता लोकायमंदी बसा."

दीड वर्ष मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मी कानात सांगायचो, ती मोठ्यानं बोलायची. सुरळीत चाललं होतं. आणि आता पुढच्याच महिन्यात ग्रामसभेत बोअरचा विषय! बोअर एकच मंजूर आहे. माझं म्हणणं, मंदिरापाशी मारावा. मंदिर आमच्या वावराच्या धुऱ्याला लागून आहे हा योगायोग. खालच्या तांड्यातल्या बायका म्हणतात, आमच्याकडे मारा. त्या अर्धा कोस हंडे वाहतात, हे खरं आहे. पण माझ्या संत्र्यांनाही तहान लागतेच की.

८ ऑक्टोबर

उपाय सापडला! प्रशिक्षण वाया गेलं नाही!

मी मागच्या रांगेत बसणार. निता समोरून माझ्याकडे बघणार. नाक खाजवलं म्हणजे हो. चष्मा काढला म्हणजे नाही. कान धरला म्हणजे पुढच्या सभेत बघू. तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा बरोबर.

मग म्हणाली, "आन् मले काई येगळं वाटलं तं?"

"तुले कायले येगळं वाटन?"

ती पीठ चाळायला लागली. हात मोकळे होते, म्हणजे मनही मोकळं.

१५ ऑक्टोबर

मासिक सभा. चष्मा काढला — "नाई जमत." नाक खाजवलं — "मंजूर." टीव्हीचा रिमोटसुद्धा इतकं ऐकत नाही!

२९ ऑक्टोबर

घात झाला. राहिलेल्या विषयांची सभा होती. सकाळभर थ्रेशरवर सोयाबीन काढत होतो, तसाच जाऊन बसलो. नाका-कानात भुसा. विषय — नवा सौर दिवा कुणाच्या दारापुढे? किसनसिंगनं वळणावरचं स्वतःचं दार सुचवलं. हाच किसनसिंग, ज्यानं निवडणुकीत आमच्याविरुद्ध घरोघर प्रचार केला! मी चष्म्याकडे हात नेतोय, तेवढ्यात नाकात अशी खाज उठली की राहवेना.

"मंजूर," निता म्हणाली.

घरी येऊन ओरडलो. ती म्हणाली, "तुमीच तं नाक खाजोलं."

"अवं, ते भुशानं!"

"कोनती खाज कायची, मले काय मालूम?" मग हळूच, "त्या वळनावरून ट्यूशनच्या पोरी अंधारात येतात, बरं झालं." पोरींचा इथं काय संबंध?

नाक रद्द. यापुढे फक्त चष्मा.

१२ नोव्हेंबर

परवा ग्रामसभा. कमलीबाई आली होती — खालच्या तांड्यातली म्हातारी. अंगणात निताशी काय बोलते, ते मी खिडकीतून बघत होतो. बोललीच नाही फारसं. डोक्यावरची चुंबळ काढली, हंड्याखाली ठेवतात ती, आणि निताच्या हातात दिली. दबून पार भाकरीसारखी झालेली. निता ती बोटांनी दाबत बसली. मग परत दिली. कमलीबाईनं तिच्या गालावर हात फिरवला आणि गेली. झालं! याला काय बोलणं म्हणायचं?

"काय म्हने म्हातारी?"

"काई नाई. चुंबळ दाखोत होती."

प्रशिक्षणात चुंबळीचा धडा नव्हता. सावधगिरी म्हणून भाऊसिंग काकांना सभेला बोलावून ठेवलं. वडलांचे मोठे भाऊ, तांड्याचे नायक. ते पुढच्या रांगेत बसले की कुणी आवाज चढवत नाही. सभेत मी चष्मा काढायचा तो खालच्या तांड्याचं नाव निघालं की. निताला पुन्हा पढवून ठेवलं.

१४ नोव्हेंबर

सत्यानाश!

काका येऊन पुढे बसले. चुलतसासरा समोर दिसताच निताने पदर ओढला — थेट हनुवटीपर्यंत! लग्न झाल्यापासूनचा घरचा रिवाज आणि मी साफ विसरलो! आता तिला मी कसा दिसणार?

बबनरावांनी विषय वाचला. "बोअर मंदिरापाशी का खालच्या तांड्यात?" मी चष्मा काढला. घातला. पुन्हा काढला. उभा राहून काढला. शेजारचा रामधन म्हणतो, "धनराजभाऊ, डोये आले काय? चष्म्यासंगं काय खेळून राह्यले?" लोक हसले.

पदराआडून आवाज आला. इतका मोठा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "ज्याईले खालच्या तांड्यात पायजे, त्याईनं हात वर करा!"

बायकांचे हात भराभर वर. कमलीबाईनं दोन्ही वर केले. "बाई, एकच मोजतो," बबनराव म्हणाले. आणि काकांचाही हात वर! बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणे, "सूनबाई पयल्यांदा काई मांगून राह्यली, नाई कसं म्हनू?"

ठराव मंजूर. संत्री तहानलेली.

१५ नोव्हेंबर

दिवसभर जो तो विचारतोय. सगळ्यांना एकच उत्तर देतोय — तोंडावर पदर होता, बिचारीला दिसलंच नाही. काकांना बोलावलं मीच, चूक माझीच. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, ते माझ्याकडे आहे.

खरं सांगायचं तर काल सभेत एक क्षण शंका आली होती. वाटलं, हिनं मुद्दाम केलं. तसं असतं तर गावात तोंड कुठे दाखवलं असतं? आणि गावाचं सोडा — बारा वर्षांच्या संसारात मला तिचं काही कळलंच नाही, असं झालं असतं. पण नाही. पदरच आडवा आला. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी रामधनला हेच समजावत होतो. निता चहा घेऊन आली. माझं ऐकून तिनं पदर तोंडाशी धरला, खांदे हलायला लागले, तशीच वळून आत गेली. तोंडाशी हात — लाज! चूक तिच्याही मनाला लागली म्हणायची. जाऊ दे, मी रागावणार नाही.

१७ नोव्हेंबर

निता वाशिमला बैठकीला गेली. स्वतः. सभेतली ती साडी दोरीवर वाळत होती. ती आत आणून मी दार लोटलं. पदर डोक्यावर घेतला, हनुवटीपर्यंत ओढला आणि समोर बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख दिसली. तिथी दिसली. कोपऱ्यात छापलेला दुकानदाराचा फोन नंबरही वाचता आला.